लग्नाची की पाटाची

मैनाची माय वर्षातून दोनच दिवस तिची माय असायची. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी गोदाबाई अमरावतीकडच्या गावाहून बैलगाडीनं अकोटला यायची. सोबत गूळ-फुटाणे आणि चोळीचा एक खण असायचा. ती मैनाला पुढ्यात घेऊन बसायची, तिच्या केसांत तेल जिरवायची, उवा मारायची आणि वर्षभराचं बोलणं दोन दिवसांत बोलून टाकायची. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपली जायची. मैना वेशीपर्यंत मागे पळायची आणि आजी मनकर्णाबाई तिला हाताला धरून परत आणायची.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मैनाचा बाप जानराव शेतात साप चावून गेला तेव्हा मैना तीन वर्षांची होती आणि गोदाबाई विशीतली. त्यांच्या कुणब्यांत तरण्या बाईनं विधवा म्हणून कोपरा धरून बसावं अशी रीत नव्हती. वर्ष सरल्यावर अमरावतीकडच्या एका बिजवरानं, खुशालनं, मागणी घातली आणि तिचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागला. वाजंत्री नाही, मांडव नाही. कपाळाला पुन्हा कुंकू लागलं, हातात नव्या बांगड्या आल्या, आणि ती नांदायला गेली. लेकरू बापाच्या घरचं, म्हणून मैना आजीजवळ राहिली. अकोटात कोणालाही विचारलं असतं तरी त्यानं हे सगळं चालता चालता सांगितलं असतं.

त्याचं गुपित झालं ते कापसामुळे.

कुठल्याशा दूरच्या मुलखात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, आणि सगळं जग वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे पाहू लागलं होतं. खुशालनं ज्वारी मोडून बांधापासून बांधापर्यंत कपाशी पेरली. पहिल्याच साली त्याच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या आल्या. दुसऱ्या साली त्यानं अमरावतीत राजापेठेकडे जागा घेऊन माडीचं घर बांधलं, मागे कापसाची वखार काढली, आणि गावात जो खुशाल होता तो शहरात खुशालराव झाला. आता त्याला सोयरीकही तशीच हवी होती. त्याला गोदाबाईपासून एकच मुलगी होती, शकुन. ती देशमुखांच्या घरात द्यायची असं त्याच्या मनानं घेतलं.

पण देशमुखांत पाट चालत नव्हता. त्यांच्या बायका गोशात राहायच्या, विधवा झाली तर तिथंच मरायच्या, आणि मुलगी पाहायला आलेल्या बायांचा पहिला प्रश्न असायचा की मुलीची माय लग्नाची की पाटाची. खुशालरावानं सांगून टाकलं, लग्नाची. जुनं गाव सोडलेलं होतं. विचारायला जाणार कोण?

त्या वर्षी पोळ्याला गोदाबाई आली नाही. आजी म्हणाली, रस्त्यात चिखल असेल. पुढच्या वर्षीही ती आली नाही. मैनाचं लग्न चंद्रभान नावाच्या गाडीवानाशी झालं, त्या लग्नालाही आली नाही. कोणाच्या तरी हाती एक लुगडं पाठवलं. ते लुगडं फार भारी होतं. आजी ते हातात घेऊन उलटसुलट पाहत बसली.

अठराशे एकसष्ट साली सुरू झालेल्या कापसाच्या तेजीचं ते तिसरं वर्ष. मैनाला आठवा महिना लागला होता. आजी उन्हाळ्यातच वारली होती. काकू म्हणाली, "पयलं बाळंतपन मायच्या घरी होते बाई. तुही माय जितीजागती हाय, मंग मी काहून करू?" चंद्रभानला अमरावतीचं भाडं लागलंच होतं. मैना कापसानं भरलेल्या गाडीवर चढून बसली. चार दिवसांची वाट. ती मजेत होती. खाली कापूस मऊ होता, दोन्ही बाजूंनी पांढरी रानं पसरली होती, आणि मायला पाहून दोन वर्षं उलटून गेली होती.

दुपारी ती त्या घरासमोर उतरली. दारात पडदा लावलेली एक रेंगी, छोटी बैलगाडी, उभी होती. चंद्रभान बैल सोडायला मागे गेला आणि मैना एकटीच पोट सांभाळत आत शिरली. ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. तिच्यावर अंगावर सोनं असलेल्या दोन परक्या बाया बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर पाटावर दहा-अकरा वर्षांची मुलगी मान खाली घालून बसली होती. ती शकुन. तिच्यामागे गोदाबाई उभी होती. अंगानं भरलेली, हिरव्या रेशमी लुगड्यात. मैनानं तिला आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा तोंडातून शब्द निघून गेला.

"माय!"

गोदाबाईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती म्हणाली, "आली का वं? मांगच्या आंगनात जाय. वेचनीच्या बाया तथीच हायत."

परक्या बायांपैकी थोरली, पूर्णेकाठच्या देशमुखांची पार्बताबाई, मैनाच्या पोटाकडे पाहत म्हणाली, "कोन होय हे?"

"वेचनीची बाई होय," गोदाबाई म्हणाली. "आमच्याकडच्या साऱ्या बाया मले मायच म्हनतेत."

मैना मागच्या अंगणात गेली. ती का गेली, तिथंच का ओरडली नाही, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. पाय गेले, एवढंच.

उन्हं कलल्यावर गोदाबाई वखारीत आली. कापसाच्या ढिगाआड तिनं मैनाला जवळ घेतलं, तिचं तोंड कुरवाळलं आणि एका दमात सगळं सांगितलं. देशमुखांचं घर, शकुनचं नशीब, सांगितलेलं खोटं. "तू दिसली म्हनजे मी पाटाची ठरतो. आन् मी पाटाची ठरली म्हनजे शकुनचं लगन मोडते. समजून घे माहे बाई."

"मंग मी कोन होय?"

"तू माही लेक होय. पन चार दिवस नोको. ते पाव्हने जाऊ दे."

चंद्रभान हे ऐकून गाडी जुंपायला निघाला. परत जाऊ, वाटेत झाडाखाली बाळंत झालीस तरी चालेल, म्हणाला. पण चार दिवसांच्या गाडीच्या धक्क्यांनी व्हायचं ते होऊन बसलं होतं. सकाळी मैनाच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच.

वखारीच्या कोपऱ्यात बाज टाकली. सुईण आली. गोदाबाई मैनाचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तिच्या कपाळाचा घाम पुसत राहिली, आणि सुईणीसमोर एक शब्द बोलली नाही. कळ आली की मैना ओरडायची, "माय वं! माय!" बाळंत होताना सगळ्याच बाया मायला हाक मारतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. वखारीच्या दाराशी पार्बताबाई येऊन उभी राहिली होती. ती आपल्या जावेला म्हणाली, "मजुरनीसाठी एवढं कोन करते? पाह्य त्या बाईचं मन. अशा मायची लेक आपल्या घरात आली पायजे."

दुपारी मैनाला मुलगी झाली, आणि संध्याकाळी ओसरीवर शकुनची सोयरीक पक्की झाली. गूळ वाटला गेला. एक खडा मैनालाही आणून दिला.

त्या दिवसांत शकुन तेवढी सारखी वखारीत यायची. तिला काही माहीत नव्हतं. ती गरम पाणी आणायची, बाळाच्या मुठीत आपलं बोट द्यायची, आणि एकदा तर आपल्या लहानपणीचे चांदीचे वाळे आणून तिनं बाळाच्या पायांत घातले. "माय रागावन का?" मैनानं विचारलं. "काहून रागावन? मले काय बहीन हाय, कोनाले देऊ?" शकुन म्हणाली. मैनानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाचवी पुजून झाली आणि चंद्रभाननं गाडी जुंपली. देशमुख मंडळी आदल्याच दिवशी गेली होती. आता गोदाबाई मोकळेपणी रडत होती, डिंकाचे लाडू, लुगडी, कुंची असं काय काय गाडीत भरत होती. "आता राहा वं महिनाभर. आता कोनी नाई."

"येतो मालकीनबाई," मैना म्हणाली, आणि गाडीत चढली. लाडवांचं गाठोडं तिनं वाटेत पहिल्या ओढ्यात सोडून दिलं. चंद्रभान म्हणाला, अगं खाण्याची वस्तू! पण तिनं ऐकलं नाही.

शकुनचं लग्न पुढच्या उन्हाळ्यात झालं. अकोटला अक्षत आली नाही. बाजारात अमरावतीकडचे गाडीवान त्या लग्नाच्या पंगतींबद्दल आणि आतषबाजीबद्दल सांगायचे, ते चंद्रभान ऐकून यायचा आणि घरी काही बोलायचा नाही. पण मैनाला बायांकडून कळायचंच.

मग त्या दूरच्या मुलखातली लढाई संपली. कापसाचा भाव असा कोसळला, की माणसं बाजारात भरलेल्या गाड्यांजवळ नुसती बसून राहिली. खुशालराव माडीवरून खाली उतरेनासा झाला. इकडे आगगाडी अकोल्यावरून बडनेऱ्याकडे सरकत गेली आणि चंद्रभानसारख्यांची लांबची भाडी बंद पडली. त्यानं दुसऱ्याचं शेत बटईनं, वाट्यानं केलं. मैना त्यात खपू लागली. मुलगी, रुख्मी, बांधावर खेळून मोठी होत होती. तिची हनुवटी अणकुचीदार होती आणि हसली की वरच्या दोन दातांत फट दिसायची. मैनासारखीच, आणि मैनाच्या मायसारखीच.

सदुसष्ट साली दिवाळीनंतर एका सकाळी गोदाबाई मैनाच्या अंगणात येऊन उभी राहिली. भाड्याच्या छकड्यातून आली होती. अंगावर सुती लुगडं होतं. इतकी वाळली होती की मैनाला पुन्हा एकदा तिला ओळखायला वेळ लागला.

मैनानं पाणी दिलं. बस म्हणाली नाही, पण गोदाबाई बसली.

"शकुनचा नवरा गेला," ती म्हणाली. "गोवर्धन. श्रावनात. पटकीनं."

मैनाच्या हातातलं सूप थांबलं. "केवढी हाय आता शकुन?"

"चौदा. नांदाले जाऊन वर्स नाई झालं. मांगच्या खोलीत ठेवलं तिले. एक वक्त खाते, जमिनीवर झोपते. मी गेली तं मले घडीभर भेटू देलं, तेही सासू समोर बसून." गोदाबाईनं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मी विशीत रांडावली, मले दुसरं घर भेटलं. संसार भेटला. तिले चौदाव्या वर्सापासून मरेलोक थे खोली."

"खुशालराव काय म्हनतेत?"

"ते म्हनतेत, देशमुखाची सून हाय, देशमुखासारखीच राहीन. नाक कापून घ्याचं नाई."

गोदाबाईनं पदर खोचला, जशी काही कामालाच आली होती. "म्या इचार केला. त्याईले जाऊन सांगतो का मी पाटाची हाय. सगळ्याईसमोर सांगतो. मंग ते तिले घरात ठेवतीन का? हाकलून देतीन. मले तेच पायजे. मी तिले घेऊन येतो, चांगलं घर पाह्यतो, पाट लावून देतो. पन माह्यावर कोन इश्वास ठेवीन? म्हनतीन, लेकीसाठी खोटं बोलून राहिली. तू चाल माह्यासंग. तुले पाह्यलं म्हनजे..."

"मले पाह्यलं म्हनजे काय?" मैनाचा आवाज चढला. "चार वर्सांपयले मी दिसली नोको होती तुले. तुह्या वखारीत मी जनावरावानी बाळंत झाली. आता दाखवाले पायजे मी? बाजारात बैल दाखवतेत तशी?"

गोदाबाईनं मान खाली घातली. तिनं माफी मागितली नाही. तेवढं एक मैनाला बरं वाटलं, कारण मागितली असती तर तिनं तिला त्याच छकड्यात घालून परत पाठवलं असतं.

संध्याकाळी चुलीसमोर चंद्रभान म्हणाला, "तू जाशीन तं मी गाडी जुंपतो. नाई जाशीन तरी तुले कोनी नावं नाई ठेवनार." मैना भाकरी थापत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर माय नव्हती. वखारीत पाण्याचं भांडं घेऊन येणारी, लुगड्यात अडखळणारी मुलगी होती. सकाळी ती गोदाबाईला म्हणाली, "मी येतो. पन तुह्यासाठी नाई येत, हे ध्यानात ठेव."

पूर्णेकाठचं ते घर चिरेबंदी होतं. चंद्रभान बाहेर थांबला. दोघी रुख्मीला घेऊन आतल्या चौकात गेल्या. पार्बताबाई झोपाळ्यावर बसली होती. गोवर्धन तिचाच मुलगा; ती चार महिन्यांत म्हातारी झाली होती. चौकात धान्य निवडणाऱ्या बाया होत्या. त्या उठून जाईपर्यंतही गोदाबाई थांबली नाही. उभ्या उभ्याच तिनं सांगून टाकलं. मी पाटाची आहे. माझं पहिलं लग्न अकोटला झालं. हे त्या नवऱ्याचं लेकरू, मैना. आम्ही तुम्हांला फसवलं. शकुन पाटाच्या बाईची लेक आहे. तुमच्या घरात ती शोभत नाही, मी तिला घेऊन जाते.

पार्बताबाईनं मैनाकडे निरखून पाहिलं. मग म्हणाली, "हे तं तुमची वेचनीची बाई होय. माह्या डोळ्यासमोर बाळंत झाली. तुमीच सांगतलं होतं मले."

"म्या खोटं सांगतलं होतं."

"मंग आता खरं बोलून राहिल्या हे कशावरून?"

गोदाबाई मैनाकडे वळली. मैना म्हणाली, "मी इची लेक होय. अकोटात कोनालेही इचारा. जानरावची पोरगी म्हना, लहान लेकरूही सांगन."

पार्बताबाईनं हातानं खूण केली. निवडणाऱ्या बाया उठून गेल्या. मग ती झोपाळ्यावरून उतरली, रुख्मीजवळ आली, तिची हनुवटी धरून चेहरा वर केला आणि एकेकीच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. "मले डोळे हायत," ती हळूच म्हणाली. "अकोटात इचाराची गरज नाई. पन माह्या दोन पोरी अजून उजवाच्या हायत. पाटाच्या बाईची लेक आमी सून करून आनली, हे बाहीर गेलं तं त्याईले कोन करन? तुमी गेल्यावर मी बायाईले सांगीन, जावयाच्या दुःखानं बाईचं डोकं फिरलं. पुन्ना या दारात येऊ नका."

गोदाबाई झटकन् पुढे गेली आणि मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन ओरडली, "शकुन! चाल! मी तुले घ्याले आली!"

दार उघडंच होतं. शकुन उंबऱ्याच्या आत उभी होती. हात रिकामे, कपाळ रिकामं, गालांची हाडं वर आलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"माय, असं काहून बोलून राहिली तू?" ती म्हणाली. "मी पाटाच्या बाईची लेक नाई. असं घान नोको बोलू माह्याबद्दल."

"घान नाई वं पोरी. पाट घान नसते. मी..."

"मी देशमुखाची सून होय. मले कुठीच नाई जाचं." मग तिनं मैनाकडे पाहिलं. ओळख पटली होती की नाही कळलं नाही. "आन् या बाईले काय देऊन आनलं तू?"

मैना पुढे झाली. तिला म्हणायचं होतं, मला कोणी काही दिलं नाही, मी तुझ्यासाठी आले. पण शकुननं दार लोटून घेतलं होतं, आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

गाडी परतीला लागली. रुख्मी झोपली होती. गोदाबाई गाडीच्या दांडीला धरून बसली होती. मध्येच ती म्हणाली, "म्याच शिकवलं तिले. देशमुखाघरी कसं बोलाचं, कसं बसाचं. पाटाच्या बायाईपासून दूर राहाचं, हे बी म्याच."

अकोटला गोदाबाई आठ दिवस राहिली. वेचणी चालू होती; तीही कमरेला कापूस वेचायचा ओटा बांधून रोज मैनाबरोबर रानात गेली. शेजारपाजारच्या म्हाताऱ्या येऊन बसायच्या, "जानरावची गोदा होय ना वं तू? किती वर्सांनी आली!" म्हणायच्या, आणि पहिल्या नवऱ्याच्या, दुसऱ्या नवऱ्याच्या गोष्टी मोकळ्या तोंडानं विचारायच्या. कोणी काही विसरलं नव्हतं आणि कोणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. त्या गेल्यावर गोदाबाई पडवीत बसून रडायची. मैना तिला जेवायला वाढायची, अंथरूण घालायची. माय म्हणून एकदाही हाक मारली नाही. आठव्या दिवशी गोदाबाई म्हणाली, "मी अथीच राहू का तुह्यापाशी?"

मैना म्हणाली, "राहाचं असन तं राहा. जेवाले भेटन."

गोदाबाई दुसऱ्या दिवशी अमरावतीला निघून गेली.

त्यानंतर तिची गाठ पडली नाही. तिसऱ्या वर्षी, हंगामाच्या दिवसांत, अमरावतीहून आलेला एक ओळखीचा गाडीवान चंद्रभानला म्हणाला, खुशालरावाची बायको गेली की, आता महिना होत आला. तेरावं मोठं केलं. देशमुखांकडूनही माणसं आली होती. शकुनला मात्र आणलं नव्हतं. अकोटला कळवायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या घराच्या लेखी अकोटला कोणी नव्हतंच.

चंद्रभान दुपारी रानात आला आणि त्यानं मैनाला बाजूला घेऊन सांगितलं. मैना ओट्यातला कापूस खाली न टाकता तशीच उभी राहिली. मग विहिरीवर गेली, डोक्यावरून दोन घागरी पाणी घेतलं, ओल्या लुगड्यानिशी परत आली आणि आपल्या ओळीला लागली. बोंडं फुटून कापूस मातीत गळत होता.